क्वार्टरची किल्ली आणि घराचे हप्ते

भिलाईच्या इतिहासात लोखंडाविषयी पुष्कळ लिहिले गेले, घरांविषयी त्या मानाने थोडेच. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या दोन तारखांच्या मध्ये, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, दुर्ग जिल्ह्याचा कारभार भोपाळकडे आला. तोवर नागपूरच्याच राज्यात असलेले भिलाई वऱ्हाड-नागपूरच्या माणसाला परराज्य झाले.

आमचे वडील कारखान्यात नोकरीस आले, त्यांना सेक्टरमध्ये क्वार्टर मिळाले. वीज, पाणी, अंगण, पेरूचे झाड, सर्व काही होते. मालकी तेवढी नव्हती. निवृत्तीबरोबर किल्ली परत करावयाची. त्यामुळे रुळांपलीकडे, जी. ई. रोडला लागून असलेल्या सुपेल्याकडे अनेकांचे लक्ष वळले. काही परतले, आम्ही भाड्याने राहिलो.

एकरकमी पैसा नसलेल्याने घर कसे घ्यावे, हा प्रश्न जुनाच. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ साली सहकारी गृहनिर्माण संस्था काढून त्याला उत्तर दिले. केंद्र सरकारने १९५६ पासून आपल्या नोकरांना घरबांधणी अग्रिम देऊ केला. त्याची परतफेड मोठी समजूतदार: आधी मुद्दल, फार तर १८० मासिक हप्त्यांत; व्याज त्यामागून, फार तर ६० हप्त्यांत.

आम्ही २०१४ साली सुपेल्यातील नव्या संकुलात सदनिका नोंदविली तेव्हा या अग्रिमाची कमाल मर्यादा साडेसात लाख होती. (ती पंचवीस लाख झाली २०१७ साली; सरकारी उदारता नेहमी आपल्या मागून येते!) उरलेली रक्कम उभी करण्यासाठी गावच्या घरातील आमचा वाटा चुलतभावास दिला. कागदावर सही करताना आईने एवढेच विचारले, “मग आता उन्हाळ्यात जायचं कुठं?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

ताबा दोन वर्षे उशिरा मिळाला. बांधकाम रेंगाळले तरी हप्ता रेंगाळत नाही. भाडे आणि कपात दोन्ही एकाच पगारातून जात. महाराष्ट्रात १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने, नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बांधकाम व्यावसायिकाला मनाई केली होती; परंतु तो कायदा त्या राज्यापुरता. २०१६ च्या केंद्रीय स्थावर संपदा कायद्याने ही मर्यादा देशभर दहा टक्क्यांवर आणली आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले. आमची नोंदणी त्याच्या दोन वर्षे आधीची. तरुण मंडळींनी निदान हे दोन आकडे तोंडपाठ ठेवूनच बुकिंगला जावे.

आता मजल्यावर चार बिऱ्हाडे आहेत: छत्तीसगढी, तेलुगू, मल्याळी आणि आम्ही. मुद्दल निवृत्तीपर्यंत फिटेल, व्याज ग्रॅच्युइटीतून वळते होईल, तसे संमतिपत्र आम्ही दिले आहे. आईची उन्हाळ्यातली वाळवणे गच्चीवर होतात. कुरडया शेजारच्या तिन्ही घरी जातात.