कोरेगावचा स्तंभ : युद्धस्मृती आणि अस्मिता

रणांगणावरील बलिदानाचा अर्थ स्मारक उभारणाराच कायमचा ठरवितो, हे मत सर्वस्वी ग्राह्य नाही. पुणे जिल्ह्यातील भीमातीरीच्या कोरेगावचा जयस्तंभ हे याचे बोलके उदाहरण होय. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टॉन्टनच्या सुमारे ८०० सैनिकांनी दुसऱ्या बाजीरावाच्या कित्येक पटींनी मोठ्या फौजेशी तेथे दिवसभर झुंज दिली. १८२१ मध्ये कंपनी सरकारने आपल्या विजयाच्या गौरवार्थ स्तंभाचा पाया घातला. मात्र त्यावर कोरलेल्या मृतांच्या नावांपैकी २२ नावे ‘नाक’ या महारांच्या नामप्रत्ययाची आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. तेव्हा गोपाळबाबा वलंगकर व पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी पूर्वजांच्या सैनिकी सेवेचा दाखला देऊन दाद मागितली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी स्तंभास भेट दिली. १९४१ मध्ये उभारलेल्या महार रेजिमेंटच्या आरंभीच्या चिन्हातही हाच स्तंभ होता.

हे सैनिक परकीय सत्तेकडून लढले, हा आक्षेप खरा आहे. तथापि पेशवाईतील अस्पृश्यतेचे जाचक निर्बंधही तितकेच खरे आहेत. या दोन सत्यांपैकी एकासच स्थान देणारा राष्ट्रेतिहास अपुरा ठरतो. जेत्याने स्वतःसाठी उभारलेल्या दगडावर उपेक्षितांना आपलीच नावे सापडली. स्तंभाचे खरे ऐतिहासिक महत्त्व यातच आहे.