उतरवणे आणि उतारा



ज्या नदीचे नाव आपण आपल्या गावाच्या नावाला जोडतो, त्या प्रवरेच्याच काठी, खाली नेवाश्यास, शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगून झाली. संस्कृतातील गीता मराठी माणसाच्या घरी आणण्याचे ते कार्य. पुढे तिच्या प्रती किती झाल्या आणि कोठकोठे गेल्या, याची वही कोणी ठेवली नाही. ज्याला हवी त्याने बोरू घ्यावा, शाई घ्यावी आणि पोथी उतरवून घ्यावी. त्यासाठी कोणाची परवानगी नको, कोणास मोल द्यावयास नको. आणि जेथे मोल नाही, परवानगी नाही, तेथे मोजदादही होत नाही.

आज आम्ही जो विषय घेऊन आपणांपुढे उभे आहोत तो वरवर पाहता अगदी नवा आहे. संगणकावर चालणारे जे मुक्त सॉफ्टवेअर मराठीत आणले गेले, त्याच्या प्रती लोकांनी किती उतरवून घेतल्या, त्यांची गणती कशी होते, आणि त्या गणतीवरून काय समजावे, हा तो विषय. पण ‘उतरवून घेणे’ हा शब्दच पाहा. पोथी नकलून घेण्यास आपले पूर्वज तोच शब्द वापरीत, आणि ‘डाउनलोड’ला आज आपणही तोच वापरतो. तेव्हा प्रश्न जुनाच आहे. पोथीच्या जागी संगणक आला, इतकेच.

मोजदाद आली ती छापखान्याबरोबर. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापली. पुढे १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद सरकारदरबारी होऊ लागली. त्या नोंदीत पुस्तकाचे नाव, भाषा, ग्रंथकर्ता किंवा भाषांतरकार, किंमत यांबरोबर त्या आवृत्तीच्या प्रती किती, हेही लिहावे लागे. या नोंदींच्या त्रैमासिक याद्या निघत, आणि एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथांचा अभ्यास करणारास त्यांचा आजही मोठा आधार वाटतो. परंतु यादीत एखाद्या भाषांतराच्या हजार प्रती लिहिलेल्या आढळल्या, तर त्यावरून हजार छापल्या एवढेच कळते. किती विकल्या, किती वाचल्या गेल्या, आणि किती वाळवीने खाल्ल्या, हे यादी सांगत नाही. ही मर्यादा ध्यानात ठेवावी, कारण पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

आता मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. संगणकाला द्यावयाच्या आज्ञा ज्या मूळ मजकुरात लिहितात, तो मजकूर एरवी कंपन्या कुलूपबंद ठेवतात. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, तिचा गाभा असा की, हा मजकूर सर्वांस खुला असावा. कोणीही तो वाचावा, सुधारावा आणि दुसऱ्यास द्यावा. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक लिपिसंकेताची पहिली आवृत्ती निघून तीत देवनागरीस जागा मिळाली. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने २००० साली आपल्या कार्यालयीन संचाचा मूळ मजकूर खुला केला. त्यातून ओपनऑफिस निघाले, आणि २०१० साली त्याचीच एक शाखा लिब्रेऑफिस या नावाने वेगळी झाली.

मजकूर खुला असल्यामुळे त्याचे मराठी करण्यास कोणाच्या दारी जावे लागले नाही. पडद्यावर दिसणारी वाक्ये एका फाइलीत ओळीने लावलेली असतात. वर इंग्रजी आणि खाली रिकामी जागा. ती जागा मराठीने भरावयाची. हे काम काही स्वयंसेवकांनी केले, काही नोकरीचा भाग म्हणून झाले. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील कार्यालयात भारतीय भाषांच्या भाषांतराचे काम चाले. ‘सेव्ह’ला ‘साठवा’ म्हणावे की ‘जतन करा’, असे वाद पडत. एकाच शब्दाचे चार ठिकाणी चार अनुवाद होऊ नयेत म्हणून २००८ साली ‘फ्यूएल’ नावाचा उपक्रम सुरू झाला आणि नेहमी लागणाऱ्या शब्दांची मराठी यादीही तयार झाली. तत्पूर्वी, २००५ सालापासून, केंद्र सरकारने भारतीय भाषांतील सॉफ्टवेअरच्या तबकड्या फुकट वाटण्यास आरंभ केला होता. पहिली तमिळची, मग हिंदीची, आणि पुढे मराठीचीही तबकडी निघाली. मागणी नोंदवणारास ती टपालाने घरपोच येई. तीत ओपनऑफिसचा भारतीय भाषांतील अवतारही असे.

एवढे श्रम झाल्यावर कोणीही विचारणारच, की याचा उपयोग किती जणांनी केला? विकत मिळणाऱ्या वस्तूचे उत्तर सोपे असते, कारण दुकानदाराच्या वहीत विक्री लिहिलेली असते. फुकट आणि मुक्त वस्तूला अशी वही नाही. तिला आहे तो सर्व्हरचा रोजनामा.

सर्व्हर म्हणजे ज्या यंत्रावर या फाइली ठेवलेल्या असतात ते. कोणी एखादी फाइल मागितली की तो आपल्या रोजनाम्यात एक ओळ लिहितो. मागणी कोणत्या पत्त्यावरून आली, किती वाजता आली, कोणती फाइल मागितली, ती देता आली की नाही, आणि किती बाइट गेले, एवढे त्या ओळीत असते. मराठी आवृत्तीच्या फाइलीच्या नावात बहुधा ‘एमआर’ ही दोन अक्षरे असतात. मराठीची ती आंतरराष्ट्रीय खूण आहे. तेव्हा ‘एमआर’च्या ओळी मोजल्या की मराठीचा आकडा मिळाला, असे वाटते. वस्तुतः तेथूनच घोटाळ्यास आरंभ होतो.

प्रथम आकडा फुगतो कसा ते पाहू. मोठी फाइल लवकर यावी म्हणून काही साधने तिचे तुकडे करून मागतात. एका माणसाच्या एका प्रतीसाठी रोजनाम्यात चार ओळी पडतात. मध्येच वीज गेली, पुन्हा मागणी केली, की आणखी एक ओळ. माहिती गोळा करीत फिरणारे यांत्रिक हेर असतात, त्यांच्याही ओळी पडतात. नवी आवृत्ती निघाली की तोच मनुष्य पुन्हा उतरवतो, आणि एकाच माणसाची वर्षात तीन माणसे होतात.

आता आकडा आटतो कसा तेही पाहू. शाळेतील एका शिक्षकाने मराठी आवृत्ती एकदा उतरवली आणि पेनड्राइव्हवरून तीस संगणकांवर बसवली, तर रोजनाम्यात ओळ एकच. त्याच फाइली ठेवणारी दुसरी यंत्रे जगभर असतात, त्यांस ‘आरसे’ म्हणतात. तेथून घेतलेल्या प्रतींची नोंद त्यांच्या वहीत, मुख्य वहीत नाही. लिनक्सच्या संचाबरोबर जी प्रत आपोआप येते, ती तर वेगळी मागावीच लागत नाही. आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट लिब्रेऑफिसची. विंडोजसाठी त्याची जी फाइल मिळते तिच्यात साऱ्या भाषा एकत्रच असतात. फाइलीच्या नावात ‘एमआर’ नाही. भाषा निवडावयाची ती आपल्या घरी बसवताना. सोय मोठी झाली, पण मराठी घेणारा आणि जर्मन घेणारा रोजनाम्यात सारखाच दिसू लागला.

तिसरा घोटाळा गावाचा. आपल्या गावाचे नाव सांगताना ‘प्रवरा’ शब्द विसरला, की ऐकणारा आपणांस थेट नाशिकजवळच्या देवळालीस नेऊन बसवतो, हा अनुभव येथे नवा नसावा. सर्व्हर तर याहून पुढे जातो. त्याला दिसतो तो इंटरनेट कंपनीचा पत्ता, आणि तो पत्ता पुष्कळदा पुण्यामुंबईच्या नावावर मांडलेला असतो. येथून कोणी मराठी आवृत्ती उतरवली तर ती मुंबईच्या खात्यावर जमा होण्याचा संभव फार. मग कोणी नकाशा पुढे ठेवून म्हणतो की मराठी संगणक हवा तो शहरांनाच. खेड्यांस आणि लहान गावांस त्याची गरज दिसत नाही. हा निष्कर्ष नकाशावरून निघतो खरा, पण नकाशा मुळातच चुकीचा असतो.

तथापि आकडे अगदीच निरर्थक असेही आमचे म्हणणे नाही. १७ जून २००८ रोजी फायरफॉक्सची तिसरी आवृत्ती निघाली, तेव्हा चोवीस तासांत ८०,०२,५३० प्रती उतरवल्या गेल्या, आणि गिनीजच्या विक्रमांत त्याची नोंद झाली. आकडा खरा आहे. पण तो एका दिवसाच्या उत्साहाचा आकडा आहे. त्यातील किती प्रती पुढल्या महिन्यात उघडल्या गेल्या, हे तो सांगू शकत नाही.

आपण ऊसकरी मुलखात राहतो, म्हणून हे आपणांस समजावयास सोपे आहे. कारखान्याच्या काट्यावर उसाचे वजन होते, त्याची चिठ्ठी मिळते. परंतु साखर किती निघाली हे काट्यावर ठरत नाही. ते उताऱ्यावर ठरते. शंभर किलो उसामागे दहा-अकरा किलो साखर निघाली तर उतारा बरा म्हणावयाचा. डाउनलोडचा आकडा हे काट्यावरचे वजन आहे. उतारा म्हणजे प्रत्यक्ष वापर. उतरवणे निराळे आणि उतारा निराळा.

हा उतारा मोजण्याचे प्रयत्नही झाले. फायरफॉक्सची प्रत दिवसातून एकदा सुरक्षेची ताजी यादी आणावयास आपल्या मूळ सर्व्हरकडे जाई. त्या फेरीत भाषेची खूणही कळे, आणि कोणत्या भाषेच्या किती प्रती त्या दिवशी चालू होत्या याचा अदमास येई. ही एक प्रकारची हजेरीच. डेबियन या लिनक्सवितरणात वेगळी रीत आहे. तेथे ज्याची संमती असेल त्याच्याच संगणकावरून आठवड्यास एक अहवाल जातो. कोणती पुडकी बसवलेली आहेत आणि त्यांतील कोणती नुकती वापरली, असे दोन वेगळे रकाने त्यात असतात. ही दृष्टी आम्हांस योग्य वाटते. पण येथेही मराठीच्या वाट्यास उणेच आले. वापर ओळखावयाचा तो प्रोग्रॅम चालवला की नाही यावरून. आणि भाषेच्या पुडक्यात चालवण्याजोगा प्रोग्रॅमच नसतो, नुसते भाषांतर असते. त्यामुळे मराठीचे पुडके बसवलेले आहे हे कळते, ते डोळ्यांखालून गेले की नाही हे कळत नाही.

मग एवढ्या उहापोहाचे प्रयोजन काय? प्रयोजन हे, की भाषा अशा यादीतून खरोखरीच गळते. जुलै २०१९ मध्ये फायरफॉक्सची ६८ वी आवृत्ती निघाली, तेव्हा मल्याळम, ओडिया, असमिया आणि मैथिली या भाषांतील आवृत्त्या काढून टाकण्यात आल्या. त्या भाषांत तो वापरणारांस इंग्रजीवर जावे लागले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मल्याळम बोलणारे ३ कोटी ४८ लाख होते आणि ओडिया बोलणारे ३ कोटी ७५ लाख. उलट, ज्या देशाची सारी लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, त्या आइसलंडची भाषा यादीत राहिली. मराठीही राहिली. तेव्हा भाषा बोलणारांच्या संख्येने हा निर्णय झाला नाही, हे उघड आहे. काढलेल्या भाषांविषयी दिलेले कारण एकच होते: त्या भाषांतरांची देखभाल होत नव्हती. नवी आवृत्ती आली की नवी वाक्ये येतात. ती भरणारा हात उरला नाही की भाषांतर जुने होते आणि पुढे नाहीसे होते.

ग्नोम नावाचा जो लिनक्सचा पडदा आहे, त्याच्या भाषांतरकारांनी हे ओळखले आहे. तेथे एखादी भाषा ‘आधार असलेली’ म्हणावयाची ती किती जणांनी उतरवली यावरून नव्हे. शंभरांतील किमान ऐंशी वाक्यांचे भाषांतर पुरे आहे की नाही, यावरून. आणि ही टक्केवारी दाखवणाऱ्या पानास त्यांनी नाव दिले आहे ‘डॅम्ड लाइज’. असत्य, घोर असत्य आणि आकडेवारी अशी असत्याची तीन प्रकारे वर्गवारी करणारी इंग्रजीत एक म्हण आहे, तिच्यावरून. आपल्याच आकड्यांकडे हसून पाहण्याचा हा शहाणपणा आम्हांस आवडला.

येथे आम्हांस पुन्हा प्रवरेकाठी यावेसे वाटते. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरवल्या गेल्या, तसतसे तिच्यात पाठभेद शिरले, चुका शिरल्या. तीनशे वर्षांनी, शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी निरनिराळ्या प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ सिद्ध केला. प्रती किती होत्या हे आज कोणास सांगता येत नाही. पण प्रत दुरुस्त करणारा एक मनुष्य होता हे सर्वांस ठाऊक आहे. ग्रंथ टिकला तो नुसत्या प्रतींच्या संख्येवर नव्हे. कोणीतरी बसून चूक शोधली, म्हणून तो शुद्ध राहिला.

तात्पर्य, मराठी सॉफ्टवेअरचे भवितव्य पाहावयाचे तर डाउनलोडचा आकडा अवश्य पाहावा, परंतु त्यावर थांबू नये. या वर्षी किती नवी वाक्ये भरली गेली, किती चुका कोणी कळवल्या, काम करणारे हात गेल्या वर्षीपेक्षा वाढले की घटले, हे विचारावे. हे आकडे लहान असतात. एका भाषेचा सारा भार दोन-चार माणसांवर असणे यात नवल नाही, आणि त्यांतील एकाने नोकरी बदलली की काम अडते. म्हणूनच या लहान आकड्यांत प्रत्येक माणसाची किंमत मोठी आहे.

आपण येथे जमलेल्यांपैकी कोणी शिक्षक आहेत, कोणी पतसंस्थेत हिशेब पाहतात, कोणाची मुले संगणक शिकत आहेत. आकडा वाढावा म्हणून मराठी आवृत्ती उतरवू नका. त्याने काट्यावरचे वजन तेवढे वाढेल. ती बसवा, तिच्यात एक पत्र लिहा, एक हिशेब मांडा. एखादा शब्द खटकला, एखादे वाक्य अडले, तर ‘मराठी अशीच’ म्हणून इंग्रजीकडे वळू नका. तो शब्द लिहून ठेवा आणि भाषांतर करणारांस कळवा. रोजनाम्यात त्याची ओळ पडणार नाही, नकाशावर देवळाली प्रवरा उमटणार नाही. पण पुढच्या आवृत्तीत तो शब्द दुरुस्त होऊन येईल, आणि तोच आपला उतारा होय.