पैलतीराचा गोड भात : जपानी घरातील ओहागी

जपानमध्ये वर्षातून दोनदा, दिवस व रात्र समान होतात त्या सुमारास, सात दिवसांचा एक बौद्ध आचार पाळला जातो. त्याचे नाव ‘हिगान’, म्हणजेच पैलतीर. ‘पारमिता’ या शब्दाचा ‘पैलतीरी पोहोचणे’ असा जो अर्थ चिनी भाषांतरकारांनी घेतला, त्यातून हे नाव आले. तृष्णा व अविद्या हा ऐलतीर आणि निर्वाण हा पैलतीर, ही कल्पना पाली वाङ्मयाच्या अभ्यासकांस नवी नाही. मज्झिमनिकायातील अलगद्दूपम सुत्तात धम्माला तराफ्याची उपमा दिली आहे, तीही याच अर्थाने.

या दिवसांत जपानी घरांत गोड भाताचे गोळे करतात. वसंतात त्यांना ‘बोतान’ या फुलावरून बोतामोची म्हणतात, तर शरदात ‘हागी’ या रानफुलावरून ओहागी. हे गोळे प्रथम घरातील बुद्धवेदीपुढे, म्हणजे ‘बुत्सुदान’पुढे, दिवंगतांच्या स्मरणार्थ ठेवले जातात.

येथे आपल्या वाचकांच्या मनात एक शंका उभी राहील आणि ती रास्तच आहे. शरद ऋतू, दिवंगत पूर्वज आणि भाताचा गोळा. मग हे पिंडदानच नव्हे काय? बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष व पिंडदान यांचा स्पष्ट त्याग आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर भावनेने नव्हे, तर इतिहासाच्या आधारे शोधले पाहिजे.

हिगानचा आरंभ सामान्यतः इ. स. ८०६ मधील एका राजाज्ञेपासून मानतात. तिच्या मागे एक करुण प्रसंग आहे. सम्राट कान्मू याचा धाकटा भाऊ सावारा हा पूर्वाश्रमीचा भिक्षू. तो पुढे युवराज झाला, परंतु इ. स. ७८५ मध्ये एका अमात्याच्या हत्येच्या कटात त्याला गोवण्यात आले. त्याने अन्न वर्ज्य केले आणि अवाजी बेटाकडे हद्दपार होत असता वाटेतच त्याचा अंत झाला. पुढे राजघराण्यात मृत्यू व रोगराई यांचे सत्र सुरू झाले, तेव्हा हा त्याच्याच आत्म्याचा कोप आहे असे दरबारास वाटले. इ. स. ८०० मध्ये त्याला मरणोत्तर सम्राटपद देण्यात आले. ८०६ मध्ये, प्रांतोप्रांतीच्या राजविहारांतील भिक्षूंनी वसंतात व शरदात सात सात दिवस त्याच्यासाठी वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता सूत्राचे पठण करावे, अशी आज्ञा निघाली.

म्हणजे या आचाराच्या मुळाशी भय होते आणि तो राजसत्तेचा होता, हे आम्ही लपवू इच्छित नाही. सतराव्या शतकात तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर बंदी घालून प्रत्येक कुटुंबास एखाद्या विहाराशी नोंदणीने बांधून टाकले. घरोघरी बुत्सुदान रुजण्यास या सक्तीचाही हातभार लागला. परंतु याच काळात हिगान राजविहारांतून सामान्यांच्या स्वयंपाकघरात आला आणि तेथे त्याचे रूप पालटले.

हे कसे घडले, ते ओहागीच्या कृतीतच दिसते. जपानी ‘मोची’ करावयाची तर उखळ, मोठा मोगरा आणि चार माणसांचे बळ लागते. ओहागीस यांपैकी काहीच लागत नाही. चिकट तांदळात थोडा साधा तांदूळ मिसळून तो भिजवतात, शिजवतात आणि त्याच भांड्यात लाकडी बत्त्याने अर्धवट कुटतात. काही दाणे अखंड राहिले पाहिजेत. अझुकी हे मूग-चवळीच्या कुळातील तांबडे कडधान्य. त्याचे पहिले उकळीचे पाणी तुरटपणा जावा म्हणून टाकून देतात. दाणा बोटाने सहज चिरडेपर्यंत मऊ झाल्यावरच साखर घालतात, कारण आधी घातल्यास तो निबर राहतो. शेवटी चिमूटभर मीठ घालून आटवतात. मग ओल्या हातांनी भाताचा गोळा वळून त्यावर हे पुरण लिंपतात. आपल्या पोळीत पुरण आत असते, येथे ते बाहेर असते एवढेच. साखर दुर्मीळ होती तोवर हे पुरण मिठाचेच असे. अठराव्या शतकात शोगुन योशिमुने याने ऊसलागवडीस उत्तेजन दिले आणि पुढे हळूहळू गोडवा सामान्यांच्या आटोक्यात आला.

या पदार्थाचे ‘रात्रीची नाव’ असेही एक जुने नाव आहे. जपानी भाषेत कुटणे व पोहोचणे यांचे उच्चार सारखे आहेत. अंधारात नाव कधी तीराला लागली ते कळत नाही, तसे हा भात कधी कुटला ते शेजाऱ्यास कळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पिंडदानात पुरोहित व मंत्र आवश्यक, अधिकार प्रामुख्याने पुत्राचा, आणि पिंड सामान्यतः पाण्यात सोडावयाचा किंवा गाय-कावळ्यास द्यावयाचा. ओहागी घरातील कोणीही करू शकते, त्याला मंत्र लागत नाही, आणि वेदीपुढून उचलल्यावर तो घरचेच खातात व शेजारी वाटतात. सात दिवसांपैकी मधला दिवस पूर्वजांच्या स्मरणाचा. उरलेले सहा दान, शील, क्षांती, वीर्य, ध्यान व प्रज्ञा या सहा पारमितांचे. पूर्वज हे अन्न ग्रहण करतात, अशी समजूत तेथेही अनेकांची आहे. ती आपण स्वीकारण्याचे कारण नाही. पण जिवंतांनी जिवंतांस दिलेला घास दिवंगतांच्या नावे देणे, हे दानच होय.

आपल्याकडील पुण्यानुमोदनाचे मर्मही हेच आहे. आपले आचार तपासताना कृतीचे बाह्य साम्य पाहून भागणार नाही; त्यात भय किती व मैत्री किती, मध्यस्थ कोण आणि अखेर घास कोणाच्या मुखी जातो, हे पाहिले पाहिजे. अन्नावाचून मेलेल्या एका युवराजाच्या भयातून जो आचार निघाला, तो शतकांनंतर शेजाऱ्याच्या दारी गोड भात होऊन पोहोचला. पैलतीराची वाट अशा साध्या घरांतूनही जाते, असे आम्हांस वाटते.