तेर येथील मृण्मय पदके : ग्रीक-रोमन उत्थित शिल्पाच्या स्थानिक प्रतिकृती

प्राचीन तगर म्हणजेच धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. इ. स. च्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात पैठण व तगर येथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. पालम परिसर त्याच गोदावरीच्या खोऱ्यातील असल्याने हा व्यापार आपल्याही इतिहासाचा भाग ठरतो. परंतु त्याचा पुरावा शोधताना अभ्यासकांची नजर सोन्याचांदीच्या नाण्यांवर खिळते आणि माती उपेक्षित राहते.

तेर आणि तेलंगणातील कोंडापूर येथे रोमन नाण्यांच्या भाजक्या मातीतील प्रतिकृती मिळाल्या आहेत. तिबेरियस (इ. स. १४ ते ३७) या सम्राटाची नाणी त्यांसाठी नमुना म्हणून वापरली गेली. नाण्यावर एका बाजूने दिसणारा चेहरा उठावात कोरण्याची ही पद्धत रोमनांनी ग्रीकांकडून घेतलेली होती. अशा पदकांना दोरा ओवण्यासाठी छिद्र किंवा कडी असते. अर्थात ही खोटी नाणी नव्हेत. ते गळ्यातील अलंकार होत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी येथील पोसायडनची कांस्यमूर्ती परदेशातून आली. ही पदके मात्र येथील कारागिराच्या हातची आहेत.

त्याचे कौशल्य लक्षात घेण्याजोगे आहे. नाणे ओल्या मातीवर दाबल्यास खोलगट व उलटा ठसा उमटतो. सुलट, उठावदार चेहरा हवा असल्यास तो ठसा भाजून त्याचा साचा करावा लागतो आणि त्यात पुन्हा माती दाबावी लागते. माती वाळताना व भाजताना आकसते, त्यामुळे प्रतिकृती मूळ नाण्याहून लहान होते व अक्षरे बोथट होतात. गिऱ्हाइकाला ती लॅटिन अक्षरे वाचायची नव्हतीच!

तेरच्या पांढऱ्या मातीच्या पोकळ मूर्ती पुढचा व मागचा असे दोन साचे जोडून घडविल्या आहेत. हे तंत्र रोमन संपर्कातून आले असे अनेक विद्वान मानतात. परंतु त्यांतील स्त्रियांची केशरचना व दागिने अस्सल दख्खनी आहेत. म्हणून 'रोमन प्रभाव' हा रूढ शब्दप्रयोग प्रस्तुत लेखकास अपुरा वाटतो. कारागिराने तंत्र स्वीकारले, विषय स्वतःचाच ठेवला.

रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहामुळे तेरच्या असंख्य वस्तू वाचल्या, हे त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि उत्खननाविना गोळा झालेल्या वस्तूंचा थर कळत नाही, आणि थराविना काळ ठरविणे कठीण असते. भोकरदन येथे १९७३ मध्ये झालेल्या उत्खननाचे मोल त्यामुळेच अधिक आहे. जुन्या वसाहतींच्या पांढरीची माती खत म्हणून शेतात नेली जाते. तिच्यासोबत एखादे पदकही जाते, आणि पुढे ते नांगराला लागले तरी मूळ कोठले हे कोणालाही सांगता येत नाही.