तापीच्या मुखाशी पहिली दुर्बीण

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात लहानशी दुर्बीण लावून आकाश पाहणे ही अलीकडची, शहरातून आलेली हौस समजली जाते. इतिहास मात्र तिला याच तापीच्या खोऱ्यात आणून उभी करतो. भारतात दुर्बिणीतून आकाश पाहिल्याची सर्वांत जुनी ज्ञात नोंद सुरतेची आहे. प्रकाशा गावाजवळ गोमाई नदीला पोटात घेणारी तापी सुरतेजवळच समुद्राला मिळते आणि मोगल काळात सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी रस्ता नंदुरबारवरूनच जात असे. त्या सुरतेत ३ नोव्हेंबर १६५१ रोजी जेरेमाया शेकर्ली या तरुण इंग्रजाने बुधाचे अधिक्रमण पाहिले. सूर्यबिंबावरून बुध सरकताना पाहिला गेल्याची जगातली ही दुसरीच वेळ. पहिली १६३१ मध्ये पॅरिसला खगोलज्ञ गासेंदीची. अधिक्रमणाच्या वेळी इंग्लंडात रात्र असणार आणि ते आशियातून दिसणार, हे शेकर्लीने गणिताने आधीच काढले होते. म्हणजे कुठून पाहायचे, हा प्रश्न इथे भिंगाच्या आकारापेक्षा मोठा ठरला. पुढे १६८९ मध्ये पुदुच्चेरीत रिशो या जेझुइट धर्मगुरूला धूमकेतू पाहताना अल्फा सेंटॉरी हा जोडतारा असल्याचे दिसले. पॅरिसहून हा तारा क्षितिजावर येतच नाही. नंदुरबारला मात्र मे महिन्यात रात्री अकराच्या सुमारास तो दक्षिण क्षितिजावर सुमारे ८ अंशांपर्यंत चढतो.

यावर कुणी म्हणेल, शेकर्लीच्या निरीक्षणाचे शास्त्राला मोल काय? आक्षेप खरा आहे. बुध बिंबावर आला केव्हा आणि उतरला केव्हा, या वेळा त्याला नोंदवता आल्या नाहीत. दुर्बिणीचे वर्णनही त्याने ठेवले नाही. पण यातून दुर्बीण निरुपयोगी ठरत नाही, नोंदीची शिस्त किती मोलाची हे ठरते. लहान दुर्बिणीत छायाचित्रांतले रंग दिसत नाहीत, हा दुसरा आक्षेपही खरा. परंतु गुरूचे चार चंद्र आज पाहिले, त्यांच्या जागा वहीत मांडल्या आणि उद्या पुन्हा ताडल्या, तर गॅलिलिओने १६१० मध्ये सुमारे वीसपट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीने केले तेच काम आपल्या हातून होते. १३ नोव्हेंबर २०३२ रोजी दुपारी बारानंतर बुध पुन्हा सूर्यबिंबावर येईल आणि साडेचारच्या सुमारास उतरेल. दुर्बिणीच्या तोंडाशी खात्रीचा सौर फिल्टर लावून, घड्याळ आणि वही जवळ ठेवून नंदुरबारच्या विद्यार्थ्यांनी त्या दोन वेळा टिपाव्यात. तापीच्या मुखाशी १६५१ मध्ये रिकामी राहिलेली नोंद तिच्याच खोऱ्यातून पुरी होईल.