दादर टीटीचा थांबा आणि टोकरखाड्याचं छप्पर

ग्रुपवर मागच्या आठवड्यात कोणीतरी मुंबईच्या डबल डेकर ट्रामचा फोटो टाकला आणि त्याखाली आठवणींचा पूर आला. घंटेचा आवाज, एक आण्याचं तिकीट, वरच्या मजल्यावरचा वारा. सगळ्यांना ट्राम आठवते, पण ट्रामची वाट बघत आपण उभे कुठे राहायचो, हे एकानेही लिहिलं नाही. म्हणून हा प्रपंच. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी तारखा, कारण नातवंडं वाचतात. मुंबईत घोड्यांची ट्राम 9 मे 1874 रोजी सुरू झाली. एक मार्ग कुलाबा ते पायधुणी आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी. विजेची ट्राम आली 7 मे 1907 ला, डबल डेकर 1920 मध्ये. शेवटची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. म्हणजे नव्वद वर्षांचा कारभार. "दादर टीटी" हे नाव आजही टॅक्सीवाल्याला कळतं. त्यातल्या टीटीचा अर्थ ट्राम टर्मिनस, हे मात्र त्याला विचारू नका.

आम्ही लालबागला चाळीत राहत होतो. परळ रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. आंबेडकर रोडवर, ट्रामचे रूळ होते. आमचा थांबा म्हणजे एक खांब आणि त्यावर पाटी. छप्पर नाही, बाकडं नाही. आमचं छप्पर म्हणजे कोपऱ्यावरच्या इराण्याची कनात. आई धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन दवाखान्यात निघाली की त्या कनातीखाली उभी राहायची. जोराचा पाऊस असला तर इराणी शेठ आतल्या खुर्चीकडे बोट दाखवायचा. चहा मागवला नाही तरी चालायचं, पण हा मान फक्त पोर असलेल्या बाईला. आम्हा मुलांना तो हाकलायचा.

पण खरी गोम पुढे आहे. कनात फूटपाथवर आणि रूळ रस्त्याच्या मधोमध. ट्राम दिसली की कनातीतून निघायचं, मोटारी, व्हिक्टोरिया, हातगाड्या चुकवत रस्त्याच्या मध्यावर पोचायचं आणि उंच पायरीवर पाय टाकायचा. कोरड्यात ठीक. पावसात रूळ तेलासारखे निसरडे व्हायचे. आमच्या चाळीतले एक काका, गिरणीत साचेवाले, पहिल्या पाळीला निघाले होते. 1962 चा जुलै असावा. कनातीखालून धावले, रुळावर पाय घसरला आणि मागून येणाऱ्या लॉरीखाली पाऊल गेलं. जीव वाचला, गिरणी सुटली. पुढे जिन्याखाली विड्या-काड्या विकायचे. घरात पाच माणसं होती. त्यांची थोरली मुलगी माझ्याच वर्गात होती, दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही.

म्हणून कोणी थांब्याच्या "डिझाइन"ला श्रीमंतांची हौस म्हटलं की मला राग येतो. निवारा आणि गाडी यांच्यामध्ये किती पावलं आहेत, हा त्या डिझाइनमधला पहिला प्रश्न.

मुंबईत ट्रामसाठीचा उत्तम निवारा होता, पण तो ट्राम कंपनीने बांधलेला नव्हता. हॉर्नबी रोड, आताचा दादाभाई नौरोजी रोड, आठवा. बोरीबंदर ते फ्लोरा फाउंटन, इमारतींच्या तळाला सलग कमानींची पडवी. 1896 च्या नियमाने तिथे इमारत बांधणाऱ्याला पादचाऱ्यांसाठी अशी झाकलेली वाट सोडणं बंधनकारक होतं. इमारती वेगवेगळ्या मालकांच्या, वेगवेगळ्या धाटणीच्या, पण पडवी एकसंध. कॉलेजात असताना भर पावसात फोर्टातल्या एका कचेरीत जायचो आणि छत्री न उघडता अर्धा रस्ता कापायचो. खर्च घरमालकाचा, सोय सगळ्यांची. परळ-लालबागला असा नियम कोणी केला नाही. तिथे राहणारे कोण होते, ते तुम्हाला माहीत आहे.

आता माझ्यातला बँकवाला बोलतो. छपराचे पैसे कोणी द्यायचे? रूळ एकाचे, फूटपाथ दुसऱ्याचा, दुकान तिसऱ्याचं आणि भिजणारा चौथा. ताळेबंदात त्या चौथ्याचं खातंच नसतं. योगायोग बघा, मुंबईची ट्राम बंद झाली त्याच 1964 साली फ्रान्सच्या ल्योन शहरात जाँ-क्लोद दकोने बसथांब्यांची नवी योजना आणली. निवारा कंपनी फुकट बांधणार, सांभाळणार आणि बदल्यात त्यावर जाहिराती लावणार. नगरपालिकेचा एक पैसा नाही. कल्पना हुशारीची आहे, मी कर्ज मंजूर केलं असतं. पण तेव्हापासून जगभर थांब्याला दोन गिऱ्हाइकं झाली, बसमध्ये चढणारं आणि मोटारीतून जाहिरात बघणारं. पैसे दुसऱ्याकडून येतात, त्यामुळे काच, दिवे, चकचकीत पत्रा सगळं त्याच्या डोळ्यांसाठी.

लेक मेलबर्नला आहे, तिच्याकडे दोनदा जाणं झालं. तिथे ट्राम अजून धावते. सेंट किल्डा रोडवर शंभर वर्षांपूर्वीचे लाकडी ट्रामनिवारे जपून ठेवलेत. उतरतं छप्पर, तीन बाजूंनी फळ्या, आत बाकडं, आपल्याकडच्या एखाद्या जुन्या घराच्या ओसरीसारखे. मला ते फार आवडले. नवे थांबे वेगळे. ट्रामच्या दाराच्या उंचीचा फलाट रस्त्यातच उचललेला, त्यामुळे चाकाची खुर्ची सरळ आत जाते. सौ.चे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. कोणाचा हात न धरता ती ट्राममध्ये चढली आणि मागे वळून माझ्याकडे अशी बघितली की विचारू नका. जर्मनीत हॅनोव्हरला नव्वदीच्या दशकात फ्रँक गेरीसारख्या नामवंतांकडून थांबे करून घेतले होते. फोटो पाहिलेत. शोभा आहे, नाही म्हणत नाही, पण मी लाकडी ओसरीवर बसेन.

तेवढं लांब जायलाही नको. डोळे दाखवायला सुरतेला जातो तेव्हा तिथली बीआरटीएस वापरतो. अहमदाबादने 2009 मध्ये केलं, त्याच धर्तीवर. थांबा रस्त्याच्या मधोमध, जोता उंच, बसची फरशी आणि जोता जवळजवळ एका पातळीत, वर छप्पर. रूळ नाहीत एवढंच, बाकी ती ट्रामच समजा. रस्ता ओलांडून तिथे पोचताना जीव मुठीत धरावा लागतो हे खरं, पण एकदा आत गेलं की धावाधाव नाही. लालबागच्या त्या काकांना असा थांबा मिळाला असता तर, हा विचार दर वेळी येतो.

आता आमचं टोकरखाडा. 1986 मध्ये बदलीवर सिल्वासाला आलो आणि इथलाच झालो. इथला पाऊस मुंबईला मागे टाकेल असा, आणि वाऱ्याबरोबर तिरका. सकाळी सातला कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या मुली, शाळेची पोरं, वापीला नोकरीला जाणारे, सगळे रस्त्यावर. घराजवळच्या एका थांब्यावर मी टेप घेऊन गेलो. नातू टेपचं दुसरं टोक धरून होता, लोक हसत होते. छप्पर जमिनीपासून नऊ फूट, पुढे आलेलं चार फूट. पाऊस पंचेचाळीस अंशांत आला तर मागच्या भिंतीवर पाच फुटांच्या खाली सगळं ओलं. बाकड्यावर बसलेल्या माणसाचं डोकं चार फुटांवर असतं. म्हणजे बसलेला पूर्ण भिजणार आणि जाहिरातीचा बोर्ड तेवढा कोरडा, कारण तो वर आहे! शिवाय बाकडं स्टीलचं, मे महिन्यात दुपारी त्यावर हात ठेवून बघा.

छप्पर साडेसात फुटांवर आणलं आणि पाच फूट पुढे काढलं तर तोच पाऊस अडीच फुटांवर लागतो. पाय भिजतील, पोराचं दप्तर मांडीवर असेल तर वाचेल. बाजूंना दोन आडोसे आणि लाकडी किंवा सिमेंटचं बाकडं. हे आकडे चित्रासकट कागदावर लिहून संबंधित कचेरीत देऊन आलोय, पोचपावती फाईलला लावली आहे. गणपतीनंतर पुन्हा जाईन.

तोवर एक विनंती. दादर टीटी किंवा लालबाग-परळचा, पावसाळ्यातला, ट्रामची वाट बघणाऱ्या माणसांचा फोटो कोणाच्या घरी असेल तर इथे टाका. ट्रामचे पुष्कळ आहेत, मला माणसांचा हवा आहे.