छपरावरची वीज आणि रेडिओतील खरखर

विजेच्या उपकरणांमुळे रेडिओच्या ग्रहणात येणाऱ्या व्यत्ययावर आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरवणारी ‘सिस्प्र’ ही समिती १९३४ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. घराघरांतील सौरयंत्रणेचा प्रश्न तिच्यापुढे आला तो मात्र फार नंतर. जर्मनीने १९९० मध्ये ‘हजार छपरे’ योजना सुरू केली आणि २००० च्या कायद्याने सौरविजेला हमीभाव दिला. त्यानंतर युरोपभर छपरे पॅनेलांनी भरू लागली.

पॅनेल स्वतः रेडिओलहरी सोडत नाही. त्यातून निघणाऱ्या डीसी विजेचे एसीत रूपांतर करण्यासाठी इन्व्हर्टर ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. हा बदल जितका झटक्याने होतो, तितके त्याचे अंश वरच्या कंप्रतांपर्यंत, अगदी लघुलहरींपर्यंत पोचतात. छपरावरून खाली येणाऱ्या लांब तारा मग अँटेनाचे काम करतात. धन आणि ऋण तारा एकमेकींपासून दूर टाकल्या असतील तर अधिकच. ट्रान्सफॉर्मर नसलेले इन्व्हर्टर हलके व कार्यक्षम होते, पण त्यांत चालू-बंद होण्यातून निर्माण होणाऱ्या या उच्च कंप्रतेच्या प्रवाहाला जमिनीकडे जाण्याची वाट सोपी झाली. पुढे प्रत्येक पॅनेलमागे ऑप्टिमायझर, म्हणजे त्या पॅनेलची वीज नियंत्रित करणारे, इन्व्हर्टरसारखेच चालू-बंद होणारे छोटे यंत्र, बसू लागला आणि गोंगाटाचा उगमच छपरावर गेला.

पहिली तक्रार हौशी रेडिओचालकांची असणे स्वाभाविक होते. हजारो किलोमीटरवरून येणारे क्षीण संदेश टिपणे हाच त्यांचा छंद. त्यांना निदानाची खूणही सापडली: खरखर सूर्योदयाबरोबर सुरू होई आणि अंधार पडताच थांबे.

नियमांतील उणीव स्पष्ट होती. इन्व्हर्टरच्या एसी बाजूला मर्यादा होत्या, पण त्रास ज्या तारांतून पसरत होता त्या डीसी बाजूला नव्हत्या. २०१४ मध्ये युरोपीय देशांनी संयुक्तपणे बाजारातील इन्व्हर्टर तपासले, तेव्हा बरेच नापास ठरले. ‘सिस्प्र ११’ या मानकात डीसी बाजूच्या मर्यादा २०१५ च्या आवृत्तीत आल्या, म्हणजे जर्मन योजनेनंतर पंचवीस वर्षांनी. हा विलंब टाळता आला असता. असा गोंगाट रोखणारी फिल्टर आणि फेराइटची कडी ही साधने अभियंत्यांना आधीपासून ठाऊक होती. शिवाय मानकाची चाचणी प्रयोगशाळेत एकट्या उपकरणाची होते. छपरावर तारा कशा टाकल्या जातात, हे आजही बसवणाऱ्याच्या हाती आहे.